आधी बोलणारी विमानं हवीत

गेल्या डिसेंबरात आमच्या तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांनी कॉलेजच्या गच्चीवर विमानांचे रेडिओ संदेश पकडणारा एक छोटा रिसीव्हर लावला. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचा बोर्ड, टीव्हीचे सिग्नल पकडायला बनवलेला पेनड्राइव्हएवढा डोंगल, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून बरोबर सात सेंटिमीटरला कापलेली तांब्याची तार. एवढाच संसार. लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि पाच मिनिटांत त्यावर विमानं उमटायला लागली. लोहगाव विमानतळावर उतरणारं एक, मुंबईच्या दिशेने खूप उंचावरून जाणारी तीन-चार. प्रत्येकाची उंची, वेग, दिशा. मुलं हरखून गेली, आणि मीही.

मग खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सुखोईंची जोडी डोक्यावरून गेली. आम्ही सगळ्यांनी आधी वर पाहिलं आणि मग पडद्याकडे. पडद्यावर त्या जागी काहीच नव्हतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपला अँटेना हलला का?"

अँटेना जागेवरच होता. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला दोन तास लागले, आणि तेच उत्तर इथे सविस्तर मांडायचं आहे. कारण हा गच्चीवरचा खेळ आता हलक्या विमानांच्या कॉकपिटमध्ये शिरू पाहतो आहे. खिडकीच्या काचेला रबरी चकतीने चिकटवायचा, बॅटरीवर चालणारा, टॅबलेटला वायफायने जोडायचा, ट्रॅफिक म्हणजे आसपासची विमानं दाखवणारा रिसीव्हर परदेशात हजारो वैमानिक वापरतात. आपल्याकडे वैमानिक होऊ पाहणारी मुलं त्याचे व्हिडिओ बघतात आणि विचारतात, आम्ही घेऊ का? माझं म्हणणं असं आहे की पुण्याच्या आकाशात हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या खरेदीचा नाही. ऐकणारं यंत्र कितीही चांगलं असलं तरी बोलणारं कुणी नसेल तर ते बहिरंच. आधी आपल्या भागातली सगळी शिकाऊ विमानं बोलती, म्हणजे आपली जागा आपणहून प्रसारित करणारी, करायला हवीत, आणि ती जबाबदारी सार्वजनिक आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तरुणपणी हडपसरला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणं, शिकले, पुढे खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलं. हडपसरला विंचच्या दोरीने ग्लायडर वर गेलं की पहिला धडा असायचा तो मान फिरवायचा. डावीकडे, समोर, उजवीकडे, वर, खाली, पुन्हा डावीकडे. गरम हवेचा झोत सापडला की आम्ही घारींच्या मागे गोल गोल चढायचो, आणि त्याच झोतात दुसरं ग्लायडर असलं तर दोघांची नजर एकमेकांवर खिळलेली हवी, हा नियम. "बघा आणि टाळा" हे तत्त्व मी पुस्तकातून नाही, मानेच्या दुखण्यातून शिकले. म्हणून यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण डोळ्यांची मर्यादाही मला ठाऊक आहे.

दोन सेसना, म्हणजे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं, समोरासमोर येत आहेत असं समजा. प्रत्येकीचा वेग ताशी १८५ किलोमीटर, म्हणजे मिळून ३७०, म्हणजे सेकंदाला शंभर मीटरहून जास्त. अमेरिकेच्या हवाई खात्याच्या जुन्या मार्गदर्शक पत्रकात एक हिशेब दिला आहे: समोरची वस्तू दिसणं, ते विमान आहे हे कळणं, टक्कर होणार हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमानाने वळायला सुरुवात करणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आमच्या दोन सेसना सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर खातात. म्हणजे सव्वा किलोमीटरवर समोरचं विमान दिसलंच पाहिजे. त्या अंतरावरून समोरून येणाऱ्या सेसनाचं धड किती मोठं दिसतं? हात लांब करून खसखशीचा एक दाणा धरा, जेमतेम तेवढं. पंख म्हणजे एक पुसट रेघ. काचेवर चिलट चिरडलेलं असेल तर त्याचा डाग त्याहून मोठा असतो.

आणि खरी खोच पुढेच आहे. जे विमान तुम्हाला धडकणार असतं ते काचेत सरकत नाही. बाजूने निघून जाणारं विमान हलतं, म्हणून नजरेत भरतं. टक्करीच्या मार्गावरचं विमान काचेत एकाच जागी स्थिर राहतं आणि फक्त मोठं होत जातं, तेही शेवटच्या काही सेकंदांत. आपली नजर हालचाल टिपायला घडलेली आहे. जे सर्वांत धोक्याचं, तेच तिला सर्वांत उशिरा दिसतं.

माझ्यावर ही वेळ आली आहे. कंट्रोल टॉवर नसलेल्या एका धावपट्टीवर मी सेसना १५२ घेऊन फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, वळले होते. या विमानाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे वरचं आकाश झाकलं जातं. त्याच वेळी दुसरं एक विमान, पंख खाली असलेलं, माझ्या मागून आणि वरून लांबच्या सरळ मार्गाने उतरत होतं. त्याच्या पंखांनी त्याच्या खालचं सगळं झाकलेलं. खालून एका इन्स्ट्रक्टरने दोघांना पाहिलं आणि रेडिओवर ओरडून मला बाजूला काढलं. उतरल्यावर आम्ही दोघांनी सगळं पडताळून पाहिलं. दोघांनीही आपापली जागा रेडिओवर सांगितली होती, दोघांनीही एकमेकांचं ऐकलं होतं. मला वाटलं तो अजून खूप मागे आहे, त्याला वाटलं मी कधीच उतरले. नियम कुणीच मोडला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या दिवशी माझ्याजवळ रिसीव्हर असता तर? ते विमान आपली जागा प्रसारित करत असतं, तर त्याच्या येण्याची खूण मला मिनिटभर आधी दिसली असती. ऑस्ट्रेलियात १९९१ साली "बघा आणि टाळा" या तत्त्वाच्या मर्यादांवर एक सविस्तर अहवाल निघाला. त्यातला निष्कर्ष असा, की ट्रॅफिक कुठे आहे हे आधी सांगितलेल्या वैमानिकाचं शोधणं न सांगितलेल्याच्या आठपट परिणामकारक असतं. कुठे बघायचं हे कळलेला एक सेकंद म्हणजे नुसत्या शोधाशोधीचे आठ. रिसीव्हरचं खरं काम हेच आहे. त्याने डोळ्यांची जागा घ्यायची नाही, डोळ्यांना बोट दाखवायचं.

त्याच देशात २०२० साली हे किती जीवघेणं ठरू शकतं ते दिसलं. व्हिक्टोरिया राज्यात मॅन्गलोर नावाचं एक छोटं विमानतळ आहे, आपल्या मंगळूरचंच नाव. तिथे १९ फेब्रुवारीला प्रशिक्षणाची दोन विमानं हवेत धडकली आणि चौघेही गेले. दोन्ही विमानं आपली जागा प्रसारित करत होती. पण दुसऱ्याचं प्रसारण ऐकून दाखवणारं यंत्र दोघांकडेही नव्हतं. कंट्रोलरने तोंडी माहिती दोघांनाही दिली होती. ती पुरली नाही.

आता गच्चीवरच्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

रिसीव्हर काय ऐकतो? ज्या विमानात एडीएस-बी (आपली जागा आपणहून जाहीर करण्याची पद्धत) प्रसारण करणारा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख रेडिओवर सांगणारं यंत्र, आहे ते उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा ती जाहीर करतं. कुणी विचारो न विचारो. रिसीव्हर ते टिपतो. बस्स. जे विमान असं बोलत नाही ते त्याच्या लेखी नाहीच. लढाऊ विमानं आपली जागा जगाला ओरडून सांगत नाहीत, त्यांनी सांगावी अशी अपेक्षाही नाही. जुन्या ट्रान्सपॉन्डरची विमानं विचारल्यावर फक्त ओळख आणि उंची सांगतात, जागा सांगत नाहीत. त्यांचा सिग्नल किती जोरात येतो यावरून रिसीव्हर अंतराचा अंदाज बांधतो, पण दिशा त्याला कळत नाही. मोठ्या प्रवासी विमानातलं टीसीएएस, म्हणजे टक्कर टाळायला मदत करणारं यंत्र, वेगळं. ते १०३० मेगाहर्ट्झवर स्वतः प्रश्न विचारतं आणि उत्तर कानावर येताच अंतर मोजतं. काचेला चिकटवलेला रिसीव्हर कुणाला काही विचारत नाही. तो भिंतीला कान लावून बसलेला असतो.

(विषय पुण्याचा आहे म्हणून एक जोडते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या केंद्राच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आकाशाचं ऐकत असतात, आणि त्यांच्या वरच्या पट्ट्यात ही १०९० ची वारंवारता येते. आमच्या मुलांना जे संगीत वाटतं तो तिथल्या खगोलशास्त्रज्ञांचा उपद्रव आहे. रिसीव्हरने मात्र त्यांना त्रास होत नाही, कारण त्या वारंवारतेवर तो स्वतः काही सोडत नाही.)

इथे परदेशी व्हिडिओंनी मोठी दिशाभूल होते. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी प्रसारण सक्तीचं आहे. शिवाय तिथली जमिनीवरची केंद्रं रडारला दिसलेली, न बोलणारी विमानंही पुन्हा प्रसारित करतात. हलक्या विमानांसाठी ९७८ मेगाहर्ट्झची वेगळी वाट आहे, तिच्यावरून हवामानही फुकट मिळतं. त्या आकाशात तोच रिसीव्हर जवळजवळ सगळं दाखवतो. आपल्याकडे ती ९७८ ची वाटही नाही आणि जमिनीवरून ट्रॅफिक पुन्हा प्रसारित करण्याची ती सोयही नाही. यंत्र तेच, पण आकाश दुसरं. परदेशातल्या काकांनी पाठवलेला रिसीव्हर पुण्यात लावून "ट्रॅफिक नाही" असं वाचणारा विद्यार्थी तिकडच्या वैमानिकापेक्षा कितीतरी कमी पाहत असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पुण्याच्या आकाशात काय काय असतं ते आठवून पाहा. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, तिथला कंट्रोलही हवाई दलाचा, आणि त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानं. खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट मोटर-ग्लायडरवर पहिले धडे गिरवतात. कामशेतच्या डोंगरांवरून पॅराग्लायडर उतरतात, त्यांच्या अंगावर बहुधा कसलंच प्रसारण नाही. २०२१ च्या नियमांनंतर आधी परवानगी न लागणाऱ्या हिरव्या पट्ट्यांत चारशे फुटांपर्यंत ड्रोन आले आहेत. आणि घारी आहेतच. लोहगावच्या क्षेत्रात विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणं हे कंट्रोलरचं काम आहे आणि तो ते करतो. माझी काळजी त्या क्षेत्राबाहेरच्या छोट्या धावपट्ट्यांची आहे, जिथे शिकणारी मुलं एकटी असतात. व्यावसायिक लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये. म्हणजे विशीतली मुलगी एकटी सर्किटमध्ये, धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, आहे, रेडिओवर बोलते आहे, वेग सांभाळते आहे, वारा मोजते आहे, आणि तिच्याभोवती तिच्यासारखीच आणखी चार एकटी मुलं आहेत.

मला इथे उसाच्या ट्रॉल्या आठवतात. गाळप हंगामात बारामती, इंदापूर, दौंडच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. समोर काळोख, आणि त्या काळोखात दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली, दोन ट्रॉल्या जोडलेली ट्रॅक्टरची आकृती. तुमच्या गाडीचे दिवे कितीही प्रखर असोत, ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. किती घरं यात उद्ध्वस्त झाली. यावर उपाय म्हणून कुणी गाडीवाल्यांना "आणखी मोठे दिवे घ्या" असं सांगत बसलं नाही. साखर कारखान्यांनी आणि पोलिसांनी ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा घेतल्या. रिफ्लेक्टर ट्रॉलीवर लागतो आणि जीव मागून येणाऱ्याचा वाचतो. ट्रॉलीवाल्याला त्याचा थेट फायदा दिसत नाही, म्हणून तो आपणहून लावत नाही, म्हणून ते काम सगळ्यांनी मिळून करावं लागतं.

विमानातलं प्रसारण म्हणजे तो रिफ्लेक्टर. रिसीव्हर म्हणजे गाडीचे दिवे. वैमानिकाने स्वतःच्या पैशाने दिवे घ्यावेत आणि रिफ्लेक्टरचं कुणी बोलू नये, अशी आजची स्थिती आहे.

विमानांच्या इतिहासात हे धडे फार महाग पडले आहेत. ३१ ऑगस्ट १९८६ ला कॅलिफोर्नियातल्या सेरिटोस गावावर एरोमेक्सिकोचं डीसी-९ प्रवासी विमान आणि एक छोटं पायपर विमान धडकलं. ८२ माणसं गेली, त्यातली पंधरा जमिनीवरची, आपापल्या घरात असलेली. त्या पायपरचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगत नव्हता. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन धडकलं, ३४९ जण गेले. इल्युशिन ठरलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, आणि दिल्लीच्या कंट्रोलरच्या रडारवर विमानांचे ठिपके होते पण उंची दिसत नव्हती. दोन्ही ठिकाणी विमान तिथे असूनही त्याची उंची पडद्यापर्यंत पोचत नव्हती. त्यानंतर मोठ्या विमानांसाठी नियम आले, टीसीएएस आलं. लहान विमानांचा मुद्दा मागे पडला, कारण त्यात एका वेळी दोन-चार माणसं मरतात.

मग करायचं काय? मला वाटतं एका धावपट्टीपासून सुरुवात करावी. बारामती घ्या. तिथे प्रशिक्षणाची विमानं एकाच सर्किटमध्ये फिरतात, ती कुणाची, किती, हे सगळं नोंदलेलं आहे. देशभरासाठी सक्ती करायला वर्षं लागतील, पण एका धावपट्टीवरून उडणाऱ्या प्रत्येक विमानाने बोललंच पाहिजे हा नियम लवकर करता येईल. काट्यांऐवजी डिजिटल पडदे असलेल्या नव्या विमानांत ही सोय बहुधा आधीच असते, प्रश्न जुन्यांचा आहे. सगळी विमानं बोलायला लागली की त्या आकाशापुरता स्वस्तातला रिसीव्हरही जवळजवळ सगळं दाखवेल, आणि मगच तो विद्यार्थ्याच्या हातात द्यावा.

खर्चाचा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. विमानात कायमचा बसवलेला प्रमाणित ट्रान्सपॉन्डर काही लाखांत जातो. जुन्या विमानावर तो बसवायचा म्हणजे मंजुरी, वायरिंग, विमान हँगरमध्ये अडकून पडणं. इतर देशांनी यावर पैसा घातला आहे. ब्रिटनने २०२० पासून असं यंत्र घेणाऱ्याला निम्मी किंमत, कमाल २५० पौंड, परत दिली. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून निम्मा खर्च, कमाल ५,००० डॉलर, उचलला. या दोन्ही देशांनी कमी शक्तीची, खिशात मावणारी, ऐकणारी आणि बोलणारीही यंत्रं ठरावीक निकषांवर मान्य केली आहेत. अमेरिकेने ती नाकारली, आणि त्यामागची कारणं मला पोकळ वाटत नाहीत: कॉकपिटमधला अँटेना विमानाच्याच धडाने झाकला जातो, विमानाचा ओळख-कोड चुकीचा भरला जातो, आणि १०९० ची वारंवारता आधीच गजबजलेली आहे. तरीही प्रशिक्षणाच्या छोट्या धावपट्टीपुरतं मी ब्रिटनच्या बाजूची आहे. अर्धवट झाकलेला आवाज शांततेपेक्षा बरा. सर्किटमधली अंतरं दोन-चार किलोमीटरची असतात, तिथे तो पुरतो. कोड चुकू नये म्हणून तो संस्थेच्या इंजिनियरने भरावा आणि लॉक करावा, विद्यार्थ्याने नाही.

दुसरी गरज कागदाची आहे. बिनतारी यंत्रांचा १९३३ चा कायदा यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना मागत होता. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. या सगळ्यात काचेला चिकटवलेला, फक्त ऐकणारा रिसीव्हर कुठे बसतो, हे मी जाणत्या तिघांना विचारलं तर तीन वेगळी उत्तरं मिळाली. एकाने सांगितलं बिनधास्त वापरा, दुसऱ्याने सांगितलं बॅगेतून काढूही नका, तिसरा म्हणाला, लेखी विचारू नका. लेखी विचारू नका हे उत्तर सुरक्षेच्या प्रश्नावर येतं तेव्हा मला भीती वाटते. वापर होणारच, पण चोरून होणार, आणि चोरून वापरलेल्या यंत्राचं प्रशिक्षण कुणी देत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोन पानांचं स्पष्ट परिपत्रक काढावं: काय चालेल, कुठे चिकटवायचं, कशाशी जोडायचं नाही.

प्रशिक्षणाचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. पडदा माणसाला खाली ओढतो. मोबाइलवर मान खाली घालून फर्ग्युसन रस्ता ओलांडणारी मुलं आपण रोज बघतो, तीच मुलं कॉकपिटमध्ये बसणार आहेत. माझ्या मते सर्किटमध्ये पडद्याकडे बघायचंच नाही, फक्त हेडसेटमध्ये येणारा इशारा ऐकायचा आणि त्या दिशेला बाहेर बघायचं. यंत्र स्वतःच्याच विमानाला परकं समजून "ट्रॅफिक, अगदी जवळ" असं ओरडू शकतं, हे जमिनीवरच दाखवायचं. उपग्रहाचा सिग्नल बिघडला तर विमान भलतीच जागा सांगेल, हेही. आणि महिन्यातून एकदा यंत्र बंद करून उडायचं, मान फिरवत, हडपसरच्या जुन्या पद्धतीने.

गच्चीवर त्या दिवशी मी हे सगळं मुलांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रकल्प दाखवायला आणला तेव्हा पडद्याखालची एक ओळ बदललेली होती. आधी आकाश रिकामं असलं की तिथे हिरव्या अक्षरांत "ट्रॅफिक नाही" असं यायचं. त्या मुलीने ते काढून पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: "बोलणारं विमान नाही. बाहेर बघा."